संत्र्याच्या सालीचे तेल केकमध्ये आणि बर्फीत कसे वापरावे? मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूरला राहते आणि घरून मागणीप्रमाणे केक व संत्रा बर्फी करून देते. अंबिया (हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारे पीक) आणि मृग (उन्हाळ्याच्या तोंडावर येणारे पीक) या दोन्ही बहारांच्या हंगामात ताज्या फळावर काम भागते. पंचाईत होते ती पावसाळ्यात, आणि राखीपौर्णिमेची मागणी नेमकी तेव्हाच येते. शिवाय आपल्या संत्र्याची साल सैल असल्याने ती किसणीवर लिंबाच्या सालीसारखी नीट किसली जात नाही, आतला पांढरा भागही सोबत येतो आणि पदार्थाला कडवटपणा येतो.

त्यामुळे यंदा बाटलीतल्या स्वादाकडे वळण्याचा विचार आहे. इतवारीतल्या दुकानात साधा इसेन्स, अल्कोहोलमध्ये उतरवलेला अर्क आणि सालीचे निव्वळ तेल असे तीन प्रकार दाखवले. साध्या इसेन्सने बर्फीला संत्र्याच्या गोळीचा वास येतो, म्हणून तो मला नको आहे. तेल मात्र इतके तीव्र असते म्हणतात की एखादा थेंब जास्त पडला तरी घाणा वाया जावा. अर्धा किलो खव्याला ते किती घालावे, कोणत्या टप्प्यावर घालावे आणि त्याने खवा फाटण्याची भीती आहे का? केकच्या पाककृतीत एका फळाची किसलेली साल सांगितली असेल, तर तिच्याऐवजी किती तेल धरावे?

प्रतिसाद १:
ताई, खवा फाटतो तो रसातल्या आम्लामुळे. सालीच्या तेलात आम्ल नसते, त्यामुळे ती काळजी नको. मात्र आंबटपणाही त्यातून मिळत नाही, केवळ सुगंध मिळतो. अर्धा किलो खव्याला दोन थेंबांपासून सुरुवात करा आणि चव घेऊनच वाढवा, कारण प्रत्येक कंपनीच्या तेलाची तीव्रता वेगळी असते. थेंब थेट कढईत टाकण्याऐवजी चमचाभर कोमट तुपात मिसळावेत, म्हणजे ते एकाच जागी साचत नाहीत. गॅस बंद केल्यावर, मिश्रण ताटात थापण्याच्या अगदी आधी हे तूप घालावे; उकळत्या खव्यात घातलेला सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

केकसाठीही दोन-तीन थेंबच धरा आणि ते लोणी-साखर फेटताना घाला. अंड्याचा पांढरा भाग फेटून करायच्या पदार्थात मात्र तेल नको, फेस बसतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये उलट तेलच चालते. पाणी किंवा अल्कोहोल असलेल्या अर्काने चॉकलेट घट्ट होऊन दाणेदार बनते.

बाटली खाण्यायोग्य असल्याचा उल्लेख आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहूनच घ्या, कारण सुगंधोपचाराची तेलेही तशाच बाटल्यांत मिळतात. तेल गडद काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात ते ओट्यावर राहिले, तर लवकरच त्याला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो.

धागाकर्ती:
मनःपूर्वक आभार. तुपात मिसळण्याची युक्ती आधी छोट्या घाण्यावर करून पाहते आणि इथेच कळवते. वर्ख लावायचा असल्यास तेलामुळे तो नीट चिकटतो का, हेही कोणी सांगावे.