वाचायला एवढं फुकट असताना शाळेने पुस्तकं विकत का घ्यावीत?

धारणीकर

गेल्या आठवड्यात शाळेत ग्रंथालयाच्या पैशांवरून बैठक झाली. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून सरकारी शाळेला, शाळा कितवीपर्यंत आहे त्याप्रमाणे, वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत तरतूद असते. मी म्हणालो, यंदा पुस्तकं नकोत. बरा प्रिंटर, शाई, जाड कागद आणि एक टॅब घेऊ. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कपाट भंगारात द्या म्हणालो असतो तरी ते एवढे दचकले नसते.

माझं म्हणणं या धाग्यावर मांडतो, मग प्रतिसादांत झोडपा.

शाळा मेळघाटात. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या घरी कोरकू बोलतात, मराठी त्यांना शाळेतच भेटते. परतवाडा सोडाच, अमरावतीच्या दुकानात जाऊन कोरकूतलं चित्रांचं पुस्तक मागून बघा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मात्र कोरकूत गोष्टी आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ साली हे सुरू केलं. परवाना खुला आहे, म्हणजे गोष्ट उतरवून घ्या, छापा, वाटा, दुसऱ्या भाषेत करा, मूळ लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं राहू द्या. मी बारा गोष्टी छापल्या आणि मधोमध सुईदोऱ्याने शिवल्या. तिसऱ्या दिवशी दुसरीतली एक पोरगी त्यातलं एक घेऊन आली, एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "सर, आमच्या गावात असं नाही म्हणत." पुस्तकाची चूक काढणारं पोर मी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.

शिवाय 'किशोर' मासिकाचे अगदी १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने खुले केलेत. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आहेत, सरकारचं दीक्षा पोर्टल आहे, विश्वकोश आहे. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून होणारे प्रयोग आहेत. विकत काय येतं? मागे वरून ठरलेल्या यादीतला गठ्ठा आला. त्यात एकाच थोर पुरुषाची चार चरित्रं. चारही अजून कोरी करकरीत आहेत.

देवघेव

धारणीकर सर, कोरकूच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही. जे दुकानात मिळतच नाही ते छापून घ्यायलाच हवं. पण त्या एका खऱ्या गोष्टीवर तुम्ही अख्खं कपाट उलथवायला निघालात.

मी सातारा जिल्ह्यात एका अनुदानित हायस्कुलात अर्धवेळ ग्रंथपाल आहे. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा. ऑफ तासिका, परीक्षेचं सुपरव्हिजन, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीची कामं पूर्ण. आता तुमच्या फुकट गोष्टीचा हिशेब. सोळा पानांची रंगीत गोष्ट. आमच्या गावात रंगीत प्रिंट पानाला दहा रुपये, म्हणजे एकशे साठ. घरच्या प्रिंटरवर थोडं कमी, पण शाईची नळकांडी किती लवकर रिकामी होतात ते तुम्हाला महिन्याभरात कळेल. तशाच आकाराचं चित्रांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टचं किंवा खुद्द प्रथम बुक्सचं घेतलंत तर शंभराच्या आत येतं, शिवाय बांधणी टिकते. फुकटची गोष्ट विकतच्यापेक्षा महाग पडली!

टॅबचं तर बोलूच नका. एक टॅब, चाळीस मुलं. ज्याच्या हातात टॅब तोच वाचक, बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकून बघणारे. कपाट उघडं असलं की मूल समोर उभं राहतं, चार पुस्तकं काढतं, दोन परत ठेवतं, एक उलटं खुपसतं. ते उलटं खुपसलेलं सरळ करताना मला कळतं की सहावी 'ब' मध्ये सध्या भुतांच्या गोष्टी चालू आहेत. हे तुमच्या टॅबवर कळणार नाही.

आणि चार चरित्रांची तक्रार यादी करणाऱ्यांविरुद्ध आहे, पुस्तकांविरुद्ध नव्हे. यादी आपण करू द्या म्हणून भांडा की.

कोल्हापुरी_मिसळ

मूळ प्रश्न राहिलाच. ते पैसे पुस्तकांसाठीचे. उद्या लेखापरीक्षणात प्रिंटर कुठे दाखवणार? पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत लेखकाच्या रकान्यात कंपनीचं नाव घालाल काय?

धारणीकर

मिसळसाहेब, इथे हरलो. मुख्याध्यापकांनीही हेच विचारलं होतं. प्रिंटर लोकवर्गणीतून घ्यावा लागेल.

देवघेव ताई, तुमचा हिशेब शहराजवळचा. आमच्याकडे पुस्तक विक्रेता येतच नाही. पार्सल मागवलं तर तालुक्याला जाऊन सोडवून आणावं लागतं, म्हणजे एक दिवस शाळा बंद. बसभाडं तुमच्या शंभरात धरलंत का?

पिंपळपान

मी धारणीकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. विज्ञान शिकवतो, आठवी ते दहावी. विद्युत परिपथाचा धडा घ्या. आमच्या प्रयोगशाळेत अमीटर दोन, त्यातला एक आमच्या बॅचपासून बिघडलेला (मी याच शाळेचा माजी विद्यार्थी). फेट नावाचा संगणकावरच्या प्रयोगांचा एक संच आहे, कोलोरॅडो विद्यापीठाचा, नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. त्यातले बरेच प्रयोग मराठीत झालेत. फाइल एकदा उतरवली की नेट लागत नाही. पोरं बॅटरी-बल्ब जोडतात, शॉर्ट सर्किट करून बॅटरी पेटवतात, पुन्हा जोडतात. खरा अमीटर हातात आला तेव्हा तो एकसर जोडायचा हे सांगावं लागलं नाही. हे कुठलं पुस्तक करेल?

मात्र शोधण्याची अक्कल लागते, ती आपल्याला कोणी शिकवलेली नाही. मराठी पुस्तकांचे जुने स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर ढिगाने आहेत, पण कित्येकांची नावं रोमन लिपीत, तीही स्कॅन करणाऱ्याच्या मर्जीने. देवनागरीत शोधलंत तर काही नाही. 'श' ला एकदा एस, एकदा एसएच, 'आ' ला एकदा ए, एकदा दोन ए, असं चार वेळा टंकल्यावर एखादं पुस्तक सापडतं. सापडल्यावर मधली पानं गायब!

अवांतर: 'लिंक' या शब्दाचीच आता भीती वाटते. वरून मागवलेल्या माहितीच्या दिवसाला तीन लिंका भरायच्या असतात. चौथी कोणी वाचनाची पाठवली तरी शिक्षक सवयीने आधी विचारतो, "शेवटची तारीख कधी?"

नियमबुवा

एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. शिक्षकांच्या ग्रुपवर जे फुकट म्हणून फिरतं, त्यातलं निम्मं चोरीचं असतं. गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर कोणी एकाने 'शालेय ग्रंथालय २०० पुस्तके' असा फोल्डर टाकला. उघडून बघितला तर हयात लेखकांची, दुकानात मिळणारी पुस्तकं. खाली सत्तर अंगठे आणि हात जोडलेली चित्रं.

१९५७ चा कॉपीराइट कायदा सोपा आहे. लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी हयातीत छापलेलं २०११ पासून सगळ्यांचं. पु. ल. २००० साली गेले, त्यांच्यासाठी २०६१ पर्यंत थांबा. गंमत पुढे आहे. गिजुभाई बधेका १९३९ साली गेले, त्यांचं गुजराती लेखन कधीचं मोकळं झालं. पण तुम्ही वाचता तो मराठी अनुवाद, त्यावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. चित्रांवर चित्रकाराचा. मूळ मोकळं म्हणून अनुवादाची पीडीएफ फिरवणं चूकच.

रानपाखरू

नियमबुवा, एवढाच कायदा ठाऊक आहे तर कलम ५२ पण सांगा की. शिकवताना शिक्षकाला मजकुराची प्रत काढायची मुभा आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्यावर परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता, त्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने झेरॉक्सच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

आणि जे पुस्तक पंधरा वर्षं छापलंच नाही, प्रकाशक फोन उचलत नाही, त्याचं काय? पोरांनी वाचूच नये? चोरी म्हणायला तुम्हाला सोपं जातं, तुमच्या शाळेत वाचनालय आहे.

नियमबुवा

कलम ५२ मान्य. एक कविता, एक उतारा, एक धडा वर्गात वाटा, कोण अडवतंय? पण दोनशे पुस्तकं अडीचशे जणांच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे कुठला तास चालू होता? न छापलेल्या पुस्तकाबद्दल तुमचा राग रास्त आहे. त्यासाठी लेखकाला किंवा वारसांना पत्र लिहा. मी तीन लिहिली. दोघांची उत्तरं आली, एकाने तर "शाळेसाठी खुशाल छापा" असं सहीनिशी लिहून दिलं. ते पत्र फाइलला लावलंय.

न्यूजर्सीचा_नाना

आम्ही रविवारची मराठी शाळा चालवतो, शिक्षक सगळे हौशी पालक. इथे मराठी पुस्तक येतं ते कोणाच्या तरी आईच्या बॅगेतून, चकल्यांच्या डब्याखालून. बालभारतीच्या पीडीएफ नसत्या तर आमची शाळा उघडलीच नसती. देवघेव ताईंचं कपाट फार हेवा वाटण्यासारखं आहे हो.

देवघेव

नाना, चकलीचा डबा आवडला.

पिंपळपान, तुम्ही "अक्कल लागते" म्हणालात आणि पुढे गेलात, मला तिथेच थांबायचंय. ही अक्कल म्हणजेच आमचं काम. नववीतल्या एका मुलाने प्रकल्पात सूर्यमालेत नऊ ग्रह लिहिले. म्हणाला, "मॅडम, विश्वकोशात आहे." बरोबर होतं त्याचं. छापील खंडातल्या जुन्या नोंदी तशाच जालावर आहेत आणि त्या लिहिल्या तेव्हा प्लुटो ग्रहच होता; त्याला बाहेर काढलं २००६ मध्ये. आता विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांनी, म्हणजे विषयवार तज्ज्ञगटांनी, नव्या नोंदीही केल्यात, पण कुठली जुनी आणि कुठली नवी हे मुलाला कोण सांगणार? विश्वकोश फुकट आहे, शेजारी बसून हे दाखवणारं माणूस फुकट नाही. उद्या "सगळं ऑनलाइन फुकट आहे" म्हणून पुस्तकांचे पैसे बंद झाले, तर परवा ग्रंथपालाचं पदही त्याच वाक्याने जाईल. धारणीकर सर, म्हणून मी तुमच्या धाग्यावर एवढी तुटून पडले.

फुकटातलं वापरते मीही. चार वर्षांपासून एक वही ठेवलीय. जे स्वतः उघडून शेवटपर्यंत पाहिलं तेच त्यात. कोणत्या इयत्तेला, कोणत्या धड्याला, नेट लागतं का, मराठी वाचवतं का नाही (काही अनुवाद इतके लाकडी असतात की मुलं हसतात), आणि शेवटचं कधी उघडून बघितलं. दर सुट्टीत पुन्हा उघडते. दर वेळी पाच-सहा पत्ते मेलेले निघतात, त्यांच्यावर काट. आजमितीला एकशे चौदा नोंदी जिवंत आहेत.

कोल्हापुरी_मिसळ

ती वही टाका इथे. बाकी भांडण चालू द्या.

धारणीकर

वही खरंच टाका ताई. पदाचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. आमच्याकडे ग्रंथपाल हे पदच नाही. कपाटाची चावी माझ्याकडे, म्हणून ग्रंथपाल मीच. तरी पुस्तकांबद्दलचं मत मी अजून अर्धंच बदललंय. यंदाचे पैसे पुस्तकांना, यादी आम्ही करणार, मुलांना विचारून. प्रिंटरसाठी शाळा व्यवस्थापन समितीपुढे जातोय.

एक विचारायचं होतं. त्या शिवलेल्या बारा कोरकू गोष्टी दाखल नोंदवहीत घेऊ का? किमतीच्या रकान्यात काय लिहू? शून्य?

देवघेव

घ्याच. प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक द्या, लेखक-चित्रकार-अनुवादकाची नावं पूर्ण लिहा. किंमत म्हणून कागद, शाई आणि दोरा यांचा खर्च. शून्य लिहिलंत तर पुढे हरवल्या-फाटल्यावर निर्लेखन करायला, म्हणजे नोंदवहीतून कमी करायला, कोणी विचारणार नाही, आणि नवीन छापायला पैसेही मागता येणार नाहीत.

आणि त्या पोरीने सांगितलेला शब्द दुरुस्त करून तेरावी प्रत काढा. वहीचे फोटो शनिवारी टाकते, अक्षर सांभाळून घ्या.

पिंपळपान

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला होता.