संग्रह रेकॉर्डिस्टच्या नावावरून करावा, कलाकाराच्या नव्हे

तिसरा_कान (धागाकर्ता)

चांगली सिस्टिम घरी आली की प्रत्येकाला पडणारा पुढचा प्रश्न एकच: आता हिच्यावर वाजवायचं काय? मग 'सीडी की एलपी की हाय-रेझ (सीडीपेक्षा सूक्ष्म डिजिटल)' यावर रणकंदन होतं. माझ्या मते प्रश्नच चुकतो. डब्यावर काय छापलंय ते सोडा. रेकॉर्डिंग कुणी केलं आणि कुठल्या जागेत केलं, ते बघा.

उदाहरण घ्या. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) हा अल्बम कुणीही सुचवेल. तो झाला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. ती मुळात चर्चची इमारत, छत प्रचंड उंच. रेकॉर्डिस्ट फ्रेड प्लॉट. आता त्याच वर्षी, त्याच जागेत, त्याच माणसाने रेकॉर्ड केलेलं डेव्ह ब्रुबेकचं 'टाइम आउट' लावा. संगीत पूर्ण वेगळं, पण झांजेवर काठी पडल्यानंतरची ती मोकळी हवा तीच. मला जॅझमधलं फार कळत नाही, तरी हा धागा धरून बरंच काही सापडलं.

किंवा काउबॉय जंकीज या बँडचं 'द ट्रिनिटी सेशन'. २७ नोव्हेंबर १९८७, टोरांटोमधलं चर्च, सगळ्या वाद्यवृंदात मिळून एकच माईक. आपल्याजवळचं हवं तर विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचं 'अ मीटिंग बाय द रिव्हर': चॅपलमध्ये दोन माईक लावून कवी अलेक्झांडर (कवी हे त्यांचं नाव) या रेकॉर्डिस्टने केलेलं. दोन्ही वाद्यं तारांवर स्लाइड (गुळगुळीत कांडी किंवा नळी) सरकवून वाजवलेली, तरी कोण कुठे बसलंय ते डोळे मिटून सांगता येतं.

तर माझी पद्धत अशी: एखादी गोष्ट कानाला भावली की कव्हर उलटायचं, रेकॉर्डिस्ट आणि हॉलचं नाव टिपायचं आणि त्या नावाचं पुढचं काम शोधायचं. कलाकार नंतर.

मैफलप्रेमी

सपशेल असहमत. 'कलाकार नंतर' हे वाक्य वाचून कपाळाला हात लावला.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. जुनं, खरखरीचं, हाय-फायच्या कुठल्याच निकषात न बसणारं ध्वनिमुद्रण. तुमच्या पद्धतीने शोधत गेलं तर ते तुमच्या घरी कधीच येणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन-साडेतीन मिनिटांची झिंझोटीही नाही. फुर्टवेंग्लर या संचालकाने १९५१ साली जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये केलेली बेथोव्हेनची नववी सिंफनी मोनो (डावं-उजवं वेगळं नसलेली) आहे, प्रेक्षकांच्या खोकल्यासकट. तीही बाद?

हाय-फायवाल्यांच्या घरी गेलं की तीच ठरावीक दहा गाणी ऐकावी लागतात. 'जॅझ ॲट द पॉनशॉप' हमखास. १९७६ साली स्टॉकहोमच्या क्लबात ते अप्रतिम टिपलंय, मान्य. ग्लासांची किणकिणसुद्धा ऐकू येते. पण वादन? ठीकठाक. किणकिण ऐकायला सिस्टिम घेतली का?

तिसरा_कान

@मैफलप्रेमी, बाद कुणी म्हटलं? केसरबाई माझ्याकडेही आहेत. पण जुन्या ध्वनिमुद्रणांना माझा मुद्दा जास्तच लागू होतो. ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) तबकडी आज तुमच्यापर्यंत येते ती कुणीतरी उतरवून घेतल्यावर. त्याने सुई कुठल्या जाडीची लावली, वेग बरोबर धरला का, खरखर काढता काढता तानपुराही पुसून टाकला का, यावर सगळं ठरतं. वेग चुकला तर पट्टीच बदलते. मग खाँसाहेबांचा आवाज म्हणून आपण भलत्याच कुणाचा तरी ऐकत बसतो.

आणि वेगाची चूक फक्त ७८मध्येच होते असं नाही. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रण करताना मुख्य टेप-मशीन हळू चालल्यामुळे (ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की स्वर चढतो) किंचित चढ्या स्वरात छापल्या गेल्या. दुसरं मशीन बरोबर वेगाने चालत होतं, त्या टेपवरून दुरुस्ती झाली ती १९९०च्या दशकात. तोवर तबकडीबरोबर वाजवू पाहणारे आपलंच वाद्य उतरलंय समजत असणार.

मोजपट्टी

दोघेही अर्धवट बोलताय. रेकॉर्डिंग कितीही सुंदर असो, मास्टरिंगमध्ये, म्हणजे छापण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवताना, त्याचा चुराडा करता येतो. १६ बिटच्या सीडीत सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आहे. त्यातला किती वापरतात? आवाज मोठा वाटावा म्हणून हळू-मोठ्यातला फरक दाबून टाकतात. मेटालिकाचं 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) आठवा. त्याच गाण्यांची गिटार हीरो या खेळातली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी निघाली आणि चाहत्यांनीच नव्याने मिक्स करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. वादन तेच, ध्वनिमुद्रण तेच.

म्हणून कव्हर उलटून रेकॉर्डिस्ट बघणं पुरेसं नाही, आवृत्ती बघा. १९८०च्या दशकातली सीडी पुष्कळदा नंतरच्या 'रिमास्टर्ड'पेक्षा बरी असते. पुष्कळदा म्हणतोय, नेहमी नाही. काही सुरुवातीच्या सीडी एलपीसाठी बदल केलेल्या टेपवरून काढल्या होत्या, त्या मिळमिळीत लागतात.

आणि दोन आवृत्त्या तुलना करताना आधी आवाजाची पातळी जुळवा. एखाद्या डेसिबलने मोठी असलेली आवृत्ती कुणालाही 'जास्त खुली' वाटते. हे न करता लिहिलेल्या परीक्षणांना मी काडीची किंमत देत नाही.

हाय-रेझबद्दल: २००७ साली मेयर आणि मोरान यांनी एसएसीडीच्या (हाय-रेझ आवाजाच्या खास सीडीच्या) वाटेत मध्येच साधा सीडी-दर्जाचा टप्पा घातला आणि लोकांना ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. म्हणजे छापा-काटा. मात्र त्याच दोघांनी हेही नोंदवलं की एसएसीडी बहुधा ऐकायला चांगल्याच होत्या, कारण त्या बनवताना काळजी घेतली गेली होती.

काळी_तबकडी

आले आकडेवाले! त्या चाचणीतल्या काही एसएसीडींचा मूळ स्रोत खरंच हाय-रेझ होता का, यावर आक्षेप आहेत, तेही सांगा की.

एवढं डायनॅमिक रेंजचं, म्हणजे हळू-मोठ्यातल्या पल्ल्याचं कौतुक आहे तर एकाच अल्बमचा एलपी आणि सीडीचा डीआर (तो पल्ला मोजणारा) आकडा शेजारी ठेवून बघा. एलपीचा तीन-चारने जास्त असतो.

मोजपट्टी

तो आकडाच फसवा आहे. तेच दाबलेलं मास्टर एलपीवर कोरलं आणि परत डिजिटल करून मोजलं, तरी आकडा वाढतो. कोरण्या-वाजवण्यात फेज (ध्वनिलहरींचा आपसातला मेळ) सरकते, सपाट छाटलेली टोकं पुन्हा उंचसखल होतात आणि मीटर त्यालाच रेंज समजतो. दाबलेलं संगीत दाबलेलंच राहतं.

आणि तबकडीप्रेमींच्या कानांबद्दल बोलायचं तर २०२२ आठवा. मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या ज्या महागड्या एलपी लोक संपूर्ण ॲनालॉग म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होते, त्यांतल्या अनेकांत डीएसडीचा (एसएसीडीतल्याच तंत्राचा) डिजिटल टप्पा होता. कुणाच्या कानाला खटकला? बातमी येईपर्यंत कुणाच्याच नाही.

काळी_तबकडी

राग तबकडीच्या आवाजावर नव्हता हो, सांगितलं नाही यावर होता. त्या एलपी उत्तम वाजत होत्या, आजही वाजतात.

एक मात्र लक्षात घ्या. एलपीला स्वतःच्या मर्यादा आहेत. खर्जाचे स्वर डाव्या-उजव्यात फार पसरवता येत नाहीत, आतल्या खाचांकडे गेलं की तार स्वर चरचरतात, बाजू लांबवली तर आवाज खाली आणावा लागतो. त्यामुळे कोरणारा माणूस कान देऊन बसतोच. त्यासाठी वेगळं, कमी दाबलेलं मास्टर बनवलं जातं तेव्हा फरक खरा असतो. सीडीचीच फाइल उचलून कोरली तर नसतो. एवढं तुमच्याशी जमेल माझं.

नवखा_श्रोता

खूप शिकायला मिळतंय. पण मला सांगा, चांगलं ध्वनिमुद्रण ओळखायचं कसं? ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

तिसरा_कान

@नवखा_श्रोता, आपल्या संगीतापासूनच सुरू करा. आधी तानपुरा. वाईट रेकॉर्डिंगमध्ये तो मागे एकसंध गुणगुण करत राहतो. चांगल्यात प्रत्येक तार छेडलेली कळते, जवारी (तारेचा झणकार) उमलत जाते आणि पुढच्या तारेत मिसळते. मग तबला. चाटीची (तबल्याच्या कडेवरच्या बोलाची) किनार आणि डग्ग्याची घुमार एकाच माणसाच्या दोन हातांतून येतायत असं वाटलं पाहिजे. पुष्कळ रेकॉर्डिंगांत माईक इतके जवळ असतात की तबला डाव्या स्पीकरवर, डग्गा उजव्या स्पीकरवर आणि वादक बिचारा तीन मीटर रुंद! त्यावर कृत्रिम घुमारा ओतला की झाली तथाकथित भव्यता.

पाश्चात्त्य जॅझमध्ये डबल बास. प्रत्येक स्वराची सुरुवात आणि शेवट वेगळा ऐकू येतो का, की सगळा मिळून एक गुरगुराट होतो? मैफलीचं असेल तर टाळ्या. चांगल्या टिपलेल्या टाळ्यांत माणसं वेगवेगळी असतात. वाईट टिपलेल्या टाळ्या पत्र्यावरच्या पावसासारख्या लागतात. आणि गायकाने श्वास घेतल्यावर मागची खोली गायब होत असेल तर कुणीतरी संपादनात कात्री चालवली आहे.

चार_भिंती

गुरगुराट रेकॉर्डिंगचाच आहे हे कशावरून? ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर आपोआप फुगतो. आधी ऐकायची खुर्ची अर्धा मीटर पुढेमागे करून बघा. मग फ्रेड प्लॉटला बोल लावा.

मैफलप्रेमी

@चार_भिंती यांना शंभर टक्के अनुमोदन.

पण @तिसरा_कान, मूळ दाव्यावर येतो, तुमच्याच लाडक्या स्टुडिओतलं उदाहरण घेऊन. पियानोवादक ग्लेन गूल्डने बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स दोनदा ध्वनिमुद्रित केले, १९५५ आणि १९८१. दोन्ही ३० व्या रस्त्यावरच. पहिलं मोनो, दुसरं डिजिटल स्टीरिओ. तुमच्या नियमाने १९८१चं घ्यावं. मी मात्र १९५५चंच लावतो. त्या ३८ मिनिटांतली रग दुसऱ्यात नाही. जागा तीच, तंत्र सुधारलेलं, आणि तरी माझा कौल माणसाला. आता बोला.

तिसरा_कान

बोलतो. मी १९८१चं लावतो. ५१ मिनिटं लागतात आणि मला त्यातलं एकही मिनिट कमी नको. जागा तीच असूनही दोन्ही आपल्याला वेगळी ऐकू येतात ती पियानोचा आवाज कसा टिपलाय त्यामुळेही. संथ व्हेरिएशनमध्ये स्वर विरत जातो तो शेवटपर्यंत ऐकू आला नाही, तर गूल्ड एवढा थांबलाय कशासाठी हेच कळणार नाही. वेगवान वादनाला मोनो पुरतं.

मैफलप्रेमी

म्हणजे रग आवडली तर कान कमी, संथ आवडलं तर कान तयार! छान आहे.

आणि त्या १९८१मध्ये तो वाजवताना गुणगुणतो, तेही तुमच्या सिस्टिमवर लख्ख येत असेल. ते रेकॉर्डिस्टच्या जमेत धरायचं की खर्चात?

मोजपट्टी

जमेत. पण कुठली आवृत्ती ऐकताय दोघं, ते अजून कुणीच सांगितलं नाही. १९८१च्या सत्रात डिजिटलबरोबर ॲनालॉग टेपही चालू ठेवली होती आणि २००२ साली त्या टेपवरून नवी आवृत्ती काढली गेली. ती ऐकल्याशिवाय 'डिजिटल' म्हणून भांडू नका.