सातारा: मुलं स्वतःहून अभ्यासाला लागावीत म्हणून शिक्षकांना काय सांगू?

कोरेगावची_शिक्षिका
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या शिक्षकांपुढे तासभर बोलायचंय. विषय मीच मागून घेतला: सूचना डोक्यात धरून ठेवणं, मन आवरणं, एक वाट बंद झाली तर दुसरी शोधणं, म्हणजे ज्यांना कार्यकारी कौशल्यं म्हणतात ती. पाचवी-सहावीची मुलं हुशार आहेत, पण सारखं "बाई, आता काय करू?" प्रकल्प तर आदल्या रात्री आईच्या गळ्यात. भाषण नको, सोमवारी वर्गात करता येईल असं सुचवा.

कृष्णाकाठ (कराड)
ताई, शिक्षकांनी आपला विचार मोठ्यानं बोलून दाखवावा, यासारखं दुसरं काही नाही. समजा गणित असं: 18 रुपये किलोने 25 किलो कांदा विकला, 60 रुपये हमाली गेली, हातात किती उरले? आपण फळ्यावर सरळ 390 काढून मोकळे होतो. त्याऐवजी बोलायचं, "विचारलंय काय? हातात उरलेले. मग हमाली मिळवू का? नको, ती तर गेली. आधी विक्री काढते, 450. आता वजा." मुलांना उत्तर दिसतं, पण तिथवर पोचताना डोक्यात काय चाललं होतं ते दिसत नाही. ते ऐकवा. आणि "वही काढा, तारीख घाला, पान 42 उघडा, तिसरा प्रश्न सोडवा" असं एका दमात सांगू नका. पायऱ्या फळ्याच्या कडेला लिहा.

वाईकर
एक विनंती, त्या परिषदेत स्मरणशक्तीच्या खेळांची ॲप्स सुचवू नका. मूल त्या खेळात तरबेज होतं, अभ्यासात मात्र फारसा फरक पडत नाही, हे संशोधनात वारंवार दिसलंय. आणि "आळशी" हा शिक्का टाळायला सांगा. या कौशल्यांचा भार वाहणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. सहावीतलं पोर कुठून आणणार?

माणदेशी (दहिवडी)
साताऱ्यात हे बोलताय तर कर्मवीर अण्णांचं नाव घ्याच. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, ब्रीद "स्वावलंबी शिक्षण". वसतिगृहातली मुलं स्वयंपाकापासून शेतीपर्यंत कामं स्वतः करायची. आपल्याकडेही परसबागेचं पाणी, वर्गाचं वाचनालय मुलांकडे खरोखर सोपवता येतं. पाळीचा तक्ता त्यांनीच आखायचा, चुकला तर त्यांनीच दुरुस्त करायचा.

कोरेगावची_शिक्षिका
सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडतंय: फळ्यावरच्या पायऱ्या काढायच्या कधी? नाहीतर मुलं त्यावरच रेलून बसतील.

कृष्णाकाठ (कराड)
हळूहळू. आधी सगळ्या पायऱ्या, मग मधल्या दोन गाळायच्या, मग मुलांनीच वहीत लिहायच्या. एखादं मूल अडलं तर त्याच्यापुरत्या परत लिहा, वर्गाला थांबवू नका. घटक चाचणीनंतर एक प्रश्न जरूर विचारा: अभ्यास कसा केलास? बहुतेक जण "वाचला" म्हणतील. मग वही मिटून आठवेल ते लिहायला लावा. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या मुलांवर हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे.

कोरेगावची_शिक्षिका
ठरलं. पहिला अर्धा तास शिक्षकांनाच जोडीनं कांद्याचं गणित मोठ्यानं बोलत सोडवायला देते. पाचवीसाठी भाषेच्या तासाचं असं एखादं उदाहरण कुणाकडे असेल तर टाका.