मदत हवी आहे: ग्राम स्टेनिंगमध्ये सगळंच गुलाबी येतंय, परवा इंटर्नल आहे

तापीकाठची:
मायक्रोवालं (मायक्रोबायोलॉजी) कुणी आहे का इथे? एफवाय, जळगाव. ग्राम स्टेनिंग करतेय (बॅक्टेरिया रंगवायचे; ग्राम पॉझिटिव्ह जांभळे, ग्राम निगेटिव्ह गुलाबी दिसतात), दर वेळी गुलाबी. मॅन्युअलप्रमाणेच केलंय, एकही स्टेप सोडलेली नाही. मैत्रिणीचं त्याच बाटल्यांनी मस्त जांभळं आलं. परवा इंटर्नल आहे. कृपया "सराव कर" एवढंच सांगून जाऊ नका.

धुळेकर_लॅबवाला:
काय व्हयनं ताई, कल्चर (वाढवलेले बॅक्टेरिया) कोणतं ते तर सांग. ई. कोलाय असेल तर गुलाबीच येणार, बरोबरच आहे ते.

तापीकाठची:
ई. कोलाय नाही हो, जांभळंच यायला पाहिजे म्हणून तर विचारतेय. बॅसिलस आहे, ग्राम पॉझिटिव्ह.

आयोडीनप्रेमी:
आयोडीन बघा! दहापैकी नऊ वेळा तेच असतं. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की आपल्याकडच्या उन्हाळ्यात ग्राम्स आयोडीन फिकट पिवळं पडतं. मग क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) पेशीत धरून ठेवणारं काही उरत नाही, अल्कोहोल टाकलं की सगळा रंग वाहून जातो. नवीन बनवून घ्या, काचेच्या तपकिरी बाटलीत.

धुळेकर_लॅबवाला:
भाऊ, मैत्रिणीचं त्याच बाटल्यांनी जांभळं आलंय असं तिने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आणि सध्या थंडी आहे.

आयोडीनप्रेमी:
तरी एकदा बघायला काय जातं.

शहाद्याची_मीरा:
डीकलरायझर (रंग उतरवणारं द्रव) कोणतं वापरतेस आणि किती सेकंद? नव्या मुलांचं नव्वद टक्के तिथेच बिघडतं.

तापीकाठची:
मॅन्युअलप्रमाणे.

शहाद्याची_मीरा:
मॅन्युअलमध्ये "रंग उतरेपर्यंत" असं असतं. तुझे किती सेकंद?

तापीकाठची:
ते कोण मोजतं? अल्कोहोल आहे, ९५%.

शहाद्याची_मीरा:
मोजायचं असतं. अल्कोहोलला साधारण १० ते २० सेकंद. स्लाइड तिरपी धरायची, थेंब थेंब सोडायचं, ओघळ स्वच्छ दिसला की लगेच पाणी. जर्नलमध्ये काय लिहिलंयस?

तापीकाठची:
प्रोसिजर पूर्ण लिहिली आहे, आकृतीसकट. सरांची सहीही झाली.

शहाद्याची_मीरा:
ती प्रोसिजर मॅन्युअलची झाली, तू काय केलंस ते त्यात कुठेच नाही. कल्चर कधीचं, स्मिअर (स्लाइडवर पसरलेला कल्चरचा थर) जाड की पातळ, आच किती दिली, कोणता रंग किती सेकंद. हे समासात पेन्सिलीने खरडलं असतंस तर आत्ता इथे तुला कुणी उलटतपासणी घेतली नसती.

अ‍ॅसिटोनच_भारी:
अल्कोहोल सोडा, अ‍ॅसिटोन घ्या. दोन-तीन सेकंदांत काम खल्लास.

धुळेकर_लॅबवाला:
नवीन पोरीला अ‍ॅसिटोन? एक सेकंद जास्त झाला की पॉझिटिव्हपण गुलाबी होतं. आधीच गुलाबीच येतंय तिचं!

अ‍ॅसिटोनच_भारी:
आम्ही शिकलो ते अ‍ॅसिटोनवरच. आत्ताच्या पोरांचा हात बसत नाही, त्याला अ‍ॅसिटोन काय करणार?

रावेरचा_केळीवाला:
राम राम मंडळी. इथे लॅबवाले दिसले म्हणून विचारतो, केळीच्या पानावर करपा आहे की सीएमव्ही, ते या स्टेनिंगमध्ये कळेल का? पान घेऊन येतो.

धुळेकर_लॅबवाला:
नाही आप्पा. करपा बुरशीचा, सीएमव्ही विषाणू. हे स्टेनिंग बॅक्टेरियाचं. तुम्ही कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

केओएच_गुरुजी:
स्टेनिंगच्या भानगडीत न पडता खात्री करायची असेल तर ३% पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब स्लाइडवर घ्यायचा, त्यात वसाहत लूपने घोटायची. अर्ध्या-एक मिनिटात लूप उचलताना पाकासारखी तार निघाली तर ग्राम निगेटिव्ह. पेशीभित्ती फुटून डीएनए बाहेर येतो, त्याची ती तार.

तापीकाठची:
सर, इंटर्नलला स्टेनिंगच करून दाखवायचं आहे.

केओएच_गुरुजी:
माहीत असलेलं बरं असतं.

शहाद्याची_मीरा:
एक सांग. ऑइल इमर्शनखाली त्या गुलाबी रॉड्सच्या (काडीसारख्या पेशींच्या) मधोमध न रंगलेल्या, चकचकीत, लंबगोल जागा दिसतात का?

तापीकाठची:
हो! बऱ्याच रॉड्समध्ये आहेत. मला वाटलं तेलातले बुडबुडे. काही रॉड्स तर अर्धे जांभळे अर्धे गुलाबी आहेत.

शहाद्याची_मीरा:
बुडबुडे नाहीत, स्पोअर्स (बीजाणू) आहेत ते. साध्या रंगाला ते दाद देत नाहीत. आता कल्चर कुठून घेतलंस ते सांग.

तापीकाठची:
फ्रीजमधल्या स्लँटवरून (नळीत साठवलेलं कल्चर). सगळे तिथूनच घेतात. लेबलवर दिवाळीच्या सुट्टीआधीची तारीख आहे. मैत्रिणीने मात्र आदल्या दिवशी स्ट्रीक केलेल्या (ताजं वाढायला लूपने रेघोट्या ओढलेल्या) प्लेटवरून घेतलं होतं.

धुळेकर_लॅबवाला:
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला पाहिजे होतं ताई! बॅसिलस जुनं झालं की पेशीभित्ती रंग धरत नाही, पॉझिटिव्ह असूनही गुलाबी दिसतं. १८ ते २४ तासांचंच कल्चर घे. उद्या सकाळी स्ट्रीक कर, ३७ अंशांवर ठेव, परवा सकाळी तयार.

शहाद्याची_मीरा:
आणि एकाच स्लाइडवर तीन पातळ स्मिअर घे. एका टोकाला ई. कोलाय, दुसऱ्या टोकाला स्टॅफ (हे ग्राम पॉझिटिव्ह), मध्ये तुझं. स्टॅफ जांभळं आणि कोलाय गुलाबी आलं तर तुझा हात बरोबर आहे, दोष कल्चरचा. दोन्ही गुलाबी आले तर अल्कोहोल जास्त झालं. आच दिल्यावर स्लाइड हाताच्या मागच्या बाजूला टेकवून बघ, सोसवली पाहिजे. जास्त भाजली तरी भित्ती बिघडते.

आयोडीनप्रेमी:
आणि आयोडीन?

तापीकाठची:
बघितलं, गडद तपकिरी आहे. 🙏 पण परवा परीक्षेत सगळ्यांना तेच जुनं स्लँट दिलं तर? रिझल्टमध्ये काय लिहू?

शहाद्याची_मीरा:
दिसेल तेच, म्हणजे काही जांभळे, काही गुलाबी. "ग्राम व्हेरिएबल, स्पोअर असलेले रॉड्स, कल्चर जुनं असण्याची शक्यता." पुस्तकातलं "ग्राम पॉझिटिव्ह" आणून चिकटवू नकोस. व्हायव्हाला कारण विचारतीलच, ते आता तुला येतं. आणि कंडेन्सर (मायक्रोस्कोपच्या स्टेजखालचं प्रकाशाचं भिंग) पूर्ण वर घे. रंगीत स्लाइड बघताना तो खाली ठेवून मुलं रंग ओळखायला चुकतात.

अ‍ॅसिटोनच_भारी:
अ‍ॅसिटोन-अल्कोहोल अर्धं-अर्धं घेतलं तर कसं राहील?

धुळेकर_लॅबवाला:
वेगळा धागा काढ भो.