पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या पिसवा कशा काढू? मदत हवी आहे

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं मांजरीचं पिल्लू घरी आणलंय. डॉक्टरांनी दात बघून वय साधारण 5 आठवडे सांगितलं. अंगावर पिसवा इतक्या की पोटावरचे केस बाजूला केले की पळताना दिसतात. शेपटीच्या बुडाशी काळी कणी (पिसवांची विष्ठा) आहे, ती ओल्या कापसावर घेतली की तांबूस डाग पडतो, म्हणजे रक्त पिणं जोरात चालू आहे.

मानेवर टाकायचे फिप्रोनिल या पिसवा मारायच्या औषधाचे थेंब 8 आठवड्यांच्या आत नकोत, असं पाकिटावरच लिहिलंय. दुकानदाराने कुत्र्यांची पावडर पुढे केली. त्यात परमेथ्रिन, मांजरांना ते विषच. सासूबाईंचा कापूर आणि कडुलिंबाच्या तेलावर भर, पण हे बाळ दिवसभर स्वतःला चाटत असतं, त्यामुळे तेही नको.

सध्या बारीक दातांच्या फणीने विंचरते आणि फणी लगेच साबणाच्या पाण्यात बुडवते. मानेपासून सुरुवात केली नाही तर त्या सरळ डोळ्यांकडे धावतात, चपळ मेल्या!

एवढ्याशा पिल्लाला कोमट पाण्याने आंघोळ घालावी का? कोणता साबण? या पावसात गारठलं तर काय, ही धास्ती आहे. हिरड्या अजून गुलाबी आहेत, पण पिसवांमुळे रक्त कमी होऊन पिल्लं दगावतात, म्हणून 3 आठवडे नुसतं थांबणं जमणार नाही.

आणि गादी-सोफ्यात पडलेल्या अंड्यांचं काय करता? चादरी गरम पाण्यात धुते, झाडूऐवजी व्हॅक्यूम फिरवते. पेस्ट कंट्रोल करायचं तर पिल्लाला कुठे ठेवायचं? ज्यांनी इतकं लहान पिल्लू वाढवलंय त्यांनी कृपया सांगा.