शब्द हवा: साकुराला (जपानी चेरीला) मोहोर, बहर की फुलोरा?

लेखणी: तोक्योतल्या मराठी कुटुंबांसाठी हानामीची (साकुराची फुलं बघायला जाण्याची) माहितीपत्रिका मराठीत करते आहे. जपानी हवामान खातं दोन टप्पे जाहीर करतं. ठरवून दिलेल्या झाडावर ५-६ फुलं उमलली की 'काइका', ८० टक्के कळ्या उमलल्या की 'मानकाइ'. तोक्योचं हे झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. दोन्हींत साधारण आठवडा जातो, आणि सतरंजी घेऊन जायचं ते मानकाइला. मी 'मोहोर आला' आणि 'मोहोर भरला' लिहिलं, तपासणीत त्यावर काट बसली. मग काय लिहू?

शनिवारपेठ: काट योग्यच. मोहोर आंब्याचा, काजूचा; बारीक फुलांचा तुरा असतो तो. साकुराची तीन-चार फुलं फांदीवरच्या एकाच डोळ्यातून लांब देठांवर लोंबतात. 'बहर' लिहा.

पुरंदरी: बहर नको. आंबिया, मृग, हस्त हे पिकाचे बहर. डाळिंबाचं पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ झाली की छाटणी, खत, मग पाणी, याला बहर धरणं म्हणतात. ताण कमी पडला की पाला माजतो, फूल कमी निघतं. अंजिराचं फूल तर बाहेरून दिसतही नाही, तरी त्याला खट्टा बहर आणि मीठा बहर आहेत. शोभेच्या साकुराला कसलं पीक घ्यायचंय?

शनिवारपेठ: शब्द मुळात फारसी 'बहार', म्हणजे वसंतच! बागायतीतला अर्थ नंतरचा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बहावा बहरतो, तो काय शेंगांसाठी?

पुरंदरी: 'बहरणं' चालेल, 'बहर' नाही. ताण मात्र साकुरालाही लागतो, थंडीचा. हिवाळा ऊबदार गेला तर कळ्या मागेपुढे फुटतात, झाड एकदम फुलत नाही. पत्रिकेत हे घाला.

ओंबी: 'फुलोरा' का नको? पीक फुलोऱ्यात आलं असं सगळेच म्हणतात.

शनिवारपेठ: फुलोरा म्हणजे नवरात्रात देवीवर टांगतात त्या कडाकण्या. वाचणाऱ्याला तळण आठवेल.

ओंबी: दोन्ही अर्थ सुखानं नांदतात. आणि कडाकण्यांना नुसतं तळण म्हणू नका. कणीक घट्ट हवी, लाटी पातळ, आच मंद. टोचे मारले नाहीत तर पुरीसारख्या फुगतात आणि मऊ पडतात. दोऱ्याचं भोकही तळायच्या आधीच पाडायचं, नंतर पाडलं की तुकडा पडतो.

लेखणी: आणि काइकाला?

पुरंदरी: कणकेत गूळ की साखर?