मदत हवी आहे: डिप्रेशन कमी झालं, झोप अजून येत नाही (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मिस्टरांचा आहे, त्यांना विचारूनच लिहितेय.

वय ४२, शिरोली एमआयडीसीत लेथवर काम. गेल्या वर्षी डिप्रेशनचं निदान झालं. गोळ्या लागू पडल्या. बोलायला लागलेत, जेवण सुधारलंय, पोरीचा अभ्यास घेतात. झोपेचं मात्र काही खरं नाही. 'लवकर पडलो तर लागेल' म्हणून नऊलाच अंथरुणाला पाठ टेकतात आणि साडेअकरापर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. कसाबसा डोळा लागतो, की तीनला टक्क जागे. मग मोबाईलमध्ये वेळ बघायची आणि उठायला किती तास उरले ते मोजत पडायचं. रविवारी तांबडा-पांढरा ओरपून दुपारभर ताणून देतात, त्या रात्री तर जागरण ठरलेलंच.

डॉक्टर म्हणतात, मूड सुधारला की झोप आपोआप येईल. अहो, मूड सुधारलाय की! सुरुवातीला झोपेसाठी दिलेली क्लोनाझेपामची गोळी अजून चालू आहे, आता तिच्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही. सासूबाईंचं जायफळ झालं, रंकाळ्याच्या फेऱ्या झाल्या.

झोपेवर वेगळा उपचार असतो का? की आम्ही उगाच घाई करतोय? आणि ही गोळी सुटते कशी?

प्रतिसाद (समुपदेशनाचं काम करतो, पण हे निदान नव्हे)

ताई, घाई अजिबात नाही. डिप्रेशनमुळे झोप जाते तसं झोप गेल्यानं डिप्रेशनही वाढतं. मन सावरल्यावर निद्रानाश उरला तर आजार उलटण्याचा धोका जास्त असतो. पूर्वी अशा निद्रानाशाला दुय्यम मानायचे. २०१३च्या डीएसएम-५मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) मुख्य-दुय्यम ही विभागणीच काढली, आणि सोबत दुसरा आजार असला तरी झोपेकडे स्वतंत्र लक्ष द्यावं अशी भूमिका आली. आठवड्यातून ३ रात्री, ३ महिने असं चाललं तर तो जुनाट निद्रानाश.

त्यावर पहिला उपचार म्हणजे सीबीटी-आय, निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धत. साधारण ६ ते ८ बैठका. तुम्ही लिहिलंय त्यात खरी मेख नऊला पडण्यात आहे. अंथरुणात नऊ तास आणि झोप साडेतीन-चार, म्हणजे अंथरूण ही जागं राहायची जागा होऊन बसते. म्हणून झोप आल्याशिवाय पडायचं नाही, बराच वेळ लागलीच नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, घड्याळ नजरेआड, आणि उठायची वेळ रविवारीही तीच. दुपारची झोप काही आठवडे बंद. (मटण चालू ठेवा, त्याचा दोष नाही.)

अंथरुणातला वेळ कमी करणं हाही याच उपचाराचा भाग, पण तो मनानं करू नका. सुरुवातीला दिवसा पेंग येते आणि ते लेथवर उभे असतात. कधी झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, भरमसाट बोलणं-खर्च असं झालं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. बायपोलर (कधी डिप्रेशन, कधी असा अतिउत्साह, हा आजार) असेल तर झोप कमी केल्यानं मॅनिया, म्हणजे तो अतिउत्साह, उसळू शकतो.

क्लोनाझेपाम एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डोस हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायचा. डिप्रेशनची गोळी रात्री घेत असतील तर वेळ बदलावी का तेही विचारा, काही गोळ्यांनी झोप उडते.

प्रतिसाद

घोरतात का ते? आमच्या भावाचं असंच चाललेलं, मन-बिन सगळं तपासलं आणि शेवटी निघाला स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास अडकायचा. वहिनीनं रात्री बघितलं म्हणून कळलं.

सीपीआरला (आपलं सरकारी रुग्णालय) मानसोपचार विभाग आहे, तिथं विचारून बघा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलतात. जिवाचं बरंवाईट करायचं बोलले तर मात्र तारखेची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

धागाकर्ती

दोघांचे आभार. घोरतात, पण श्वास अडकतो का ते बघितलं नाही, आज बघते. किती वाजता पडले, कधी उठले हे वहीत मांडायला घेतलंय. फॉलोअपला तीच वही नेते आणि सीबीटी-आयचं नाव घेऊनच विचारते.

आणखी एक. पुढच्या महिन्यापासून कंपनी त्यांना परत रात्रपाळी लावणार म्हणतेय. उठायची वेळ एकच ठेवायची तर हे कसं जमणार? पाळी बदलून मिळावी म्हणून डॉक्टरांचं पत्र कुणी घेतलंय का? त्यात आजाराचं नाव न लिहिता चालतं का?